क्रूझ सुटली, आता मुदत सोडू नका

जिंतूरच्या एका ताईंचं पत्र आलंय. २०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीत नवरा, दोन मुलं आणि नणंदेचा अकरा वर्षांचा मुलगा असे पाच जण मुंबई-गोवा क्रूझला निघाले. रात्रीचा प्रवास, सकाळी गोवा. बुकिंग परभणीच्या एजंटकडून केलं आणि १ लाख १२ हजार रुपये फोनपेवर त्याच्या स्वतःच्या नंबरला पाठवले. देवगिरी एक्स्प्रेसने मुंबई गाठली. १७ नोव्हेंबरला बॅलार्ड पिअरच्या काउंटरवर भाच्याच्या आई-वडिलांचं संमतिपत्र मागितलं गेलं. ते नव्हतं. सेलूला नणंदेचा फोन लागेना आणि तेवढ्यात काउंटर बंद झालं. पोराला धक्क्यावर सोडून कोण बोटीत चढणार? सगळेच परत फिरले.

९ जानेवारी २०२४ ला कंपनीचा मेल आला: तुम्ही प्रवासाला हजर नव्हता असं धरलं आहे, परतावा मिळणार नाही. एजंट मात्र "मॅडम, मी बघतो" म्हणत राहिला. यंदा, म्हणजे २०२५ च्या ऑगस्टमध्ये, ताईंनी वकिलामार्फत नोटीस पाठवली. त्यावर एजंटचं उत्तर असं: पैसे जमणार नाहीत, पण येत्या डिसेंबरात अलेप्पीच्या हाउसबोटीवर एक रात्र फुकट देतो, सोबतच्या कागदावर दोघांच्या सह्या पाठवा. ताईंचे प्रश्न दोन. हे घ्यावं का? आणि नोटीस दिल्यामुळे ग्राहक आयोगात तक्रार करायची मुदत नव्याने सुरू झाली ना?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे. नाही झाली. नोटिशीने मुदत वाढत नाही, स्मरणपत्राने वाढत नाही, १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवल्यानेही वाढत नाही. मंगल कार्यालयाची अनामत असो, टूरचे पैसे असोत की न उगवलेलं सोयाबीनचं बियाणं, दर महिन्याला येणाऱ्या पत्रांत हाच गैरसमज असतो. एक नोटीस रजिस्टर एडीने गेली की लोक घोरायला मोकळे. खरं तर ग्राहक आयोगात जाण्याआधी नोटीस दिलीच पाहिजे असं कायदा कुठेच म्हणत नाही. द्यावी, चांगली सवय आहे. पण घड्याळ तिच्यासाठी थांबत नाही.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चं कलम ६९ सांगतं, की तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल झाली पाहिजे. समोरच्याने मुदतीचा मुद्दा काढला नाही म्हणून तुम्ही सुटलात असंही होत नाही. जुन्या कायद्यात हीच तरतूद होती आणि स्टेट बँक विरुद्ध बी. एस. अ‍ॅग्रिकल्चरल इंडस्ट्रीज या २००९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की तक्रार मुदतीत आहे की नाही हे आयोगाने स्वतःहून तपासायचं असतं. बाकी सगळं तुमच्या बाजूने असलं आणि तारीख चुकली, तर बाकी सगळं कुणी वाचणारच नाही.

आता तुमची तारीख. कारण घडलं १७ नोव्हेंबर २०२३ ला, काउंटरवर. तुमच्या वकिलांनी ९ जानेवारीचा मेल धरून जानेवारी २०२६ पर्यंत वेळ आहे असं सांगितल्याचं तुम्ही लिहिलंय. तसा युक्तिवाद होऊ शकतो. परतावा नाकारला तेव्हा कारण घडलं असं म्हणता येईल, आणि एखादं आयोग ते मान्यही करेल. पण तो युक्तिवाद मुदत हुकल्यावर वापरायचा, हुकण्याआधी त्याच्या भरवशावर बसायचं नाही. १७ नोव्हेंबरच शेवटची तारीख धरा. ती यंदा सोमवारी येते, आदल्या दिवशी रविवार. दसरा होऊन आठवडा झालाय, २१ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन, मग भाऊबीज, मग वकीलसाहेब गावाला. तुमच्याकडे कामाचे दिवस किती उरले ते कॅलेंडर काढून मोजा.

आणि आता एजंटची ती हाउसबोट बघा. तारीख त्याने २५ डिसेंबर दिली आहे. म्हणजे तुमची दोन वर्षं संपल्यानंतर पाच आठवड्यांनी. योगायोग असेल, मी त्याच्या मनात शिरलेलो नाही. पण समजा तुम्ही आज होकार कळवला आणि २० डिसेंबरला त्याचा फोन आला, की "मॅडम, केरळवाल्याने बुकिंग कॅन्सल केलं". मग तुम्ही कुठे जाणार? शिवाय त्या कागदाचा फोटो तुम्ही जोडलाय. खालून तिसऱ्या ओळीत लिहिलंय, की या व्यवहारापोटी आमचा एजंट अथवा जहाज कंपनी यांच्याविरुद्ध कोणताही हक्क, दावा वा तक्रार राहिलेली नाही. बोट मिळण्याआधीच सगळं मिळाल्याची कबुली! सही करू नका. पतीलाही करू देऊ नका, आणि "ओके, चालेल" असा मेसेजही पाठवू नका.

तडजोड वाईट नसते. पण आधी तक्रार दाखल करा, मग बोला. तडजोड झाली तर ती आयोगासमोर, लेखी, रक्कम आणि तारीख घालून. नव्या कायद्यात मध्यस्थीची सोय आहे, तिथेही प्रकरण पाठवून घेता येतं. साठ-सत्तर हजार रोख मिळत असतील तर मी तुमच्या जागी विचार करीन, का ते पुढे येईलच.

"उशीर झालाच तर विलंब माफीचा अर्ज देऊ" असं कुणी सुचवलं असेल. कलम ६९ मध्ये तशी सोय आहे, पुरेसं कारण पटलं तर आयोग कारणं नोंदवून विलंब माफ करू शकतं. यंदा सप्टेंबरातल्या अतिवृष्टीने मराठवाड्यात घरं, रस्ते, कागदपत्रं सगळ्याचीच दैना केली, आणि ज्यांचं खरंच नुकसान झालं त्यांनी ते कारण जरूर मांडावं. पण तुम्हाला पहिला प्रश्न असा येईल: ताई, पाऊस सप्टेंबर २०२५ मधला, तुम्ही जानेवारी २०२४ पासून काय करत होता? आणि त्याचं उत्तर तुमच्या पत्रातच आहे. एजंटला दर पंधरवड्याला "सर काही कळलं का?" असा मेसेज. एकोणीस महिने!

त्या मेसेजचा उपयोग मात्र आहे. मार्च २०२४ मध्ये त्याने लिहिलंय, "तुमचे पैसे माझ्याकडून कुठे जात नाहीत, सीझन संपला की देतो." लेखी कबुलीने मुदत नव्याने मोजता येते असं मुदत कायद्याचं कलम १८ म्हणतं. व्हॉट्सअ‍ॅपवरची अशी ओळ त्यात बसते का, यावर वाद होईल. म्हणून तिला मुदतीसाठी टेकू धरू नका, एजंटची जबाबदारी दाखवणारा पुरावा म्हणून वापरा. फोन बदलू नका, चॅट पुसू नका. नुसते स्क्रीनशॉट देऊन भागत नाही, मोबाइलमधला पुरावा खरा असल्याचं, भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र सोबत लावा.

तक्रार परभणीच्याच जिल्हा ग्राहक आयोगात करा. तिकिटावर "फक्त मुंबईतील न्यायालयांना अधिकार" असं छापलंय म्हणून तुम्ही घाबरलात. घाबरू नका, तक्रारदार जिथे राहतो तिथे तक्रार करता येते, हे कलम ३४ मध्येच आहे. वाद लवादाकडेच न्यायचा, अशी अट असली तरी तीही आड येत नाही. एम्मार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तो प्रश्न मिटवलाय. आयोगाची पैशाची मर्यादा तुम्ही दिलेल्या मोबदल्यावर ठरते, मागितलेल्या भरपाईवर नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला फी शून्य आहे. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून तक्रार घरबसल्या दाखल होते. पण शेवटच्या रात्री पोर्टल उघडून बसू नका. पीडीएफ मोठी झाली, ओटीपी आला नाही, शपथपत्रावर नोटरीचा शिक्का राहिला, असल्या फालतू गोष्टींनी तारखा गेलेल्या मी पाहिल्यात.

एक धोक्याची सूचना. तुमच्या तक्रारीच्या मसुद्यात "हा अन्याय्य करार आहे" असं ठळक अक्षरात लिहिलंय. ते काढा. अन्याय्य करार म्हणून तक्रार ऐकण्याचा अधिकार कायद्याने जिल्हा आयोगाला दिलेला नाही, ती राज्य आयोगाकडे जाते. कंपनीचा वकील पहिल्याच तारखेला त्यावर बोट ठेवेल. सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा, एवढंच लिहा. गैरअर्जदार, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार ते: क्रमांक १ एजंट, क्रमांक २ जहाज कंपनी.

आता ज्यासाठी मला तुमच्यावर रागवायचंय ते. पत्राच्या दुसऱ्या पानावर एक वाक्य तुम्ही अगदी जाता जाता टाकलंय: "मुलांची ऑफर होती म्हणून एजंटने भाच्याचं नाव मुलगा म्हणून टाकलं." ताई, हे जाता जाता सांगायचं वाक्य आहे? काउंटरवरच्या माणसाने आधार कार्ड बघितलं, आडनाव वेगळं, वडिलांचं नाव वेगळं, आणि बुकिंगमध्ये नातं मुलगा. त्याने संमतिपत्र मागितलं नसतं तर मीच त्याला दोष दिला असता. दुसऱ्याचं लहान मूल रात्रभर समुद्रात घेऊन जाणाऱ्याला कागद विचारायलाच हवा. कंपनीचं सगळं म्हणणं या एका नोंदीवर उभं राहील. तेव्हा ती लपवू नका, तक्रारीच्या पहिल्या पानावर सांगा. आणि सोबत तो व्हॉइस मेसेज लावा, ज्यात तुम्ही एजंटला म्हणताय, "तिसरा पोरगा माझ्या नणंदेचा आहे बरं का, त्याचं काही वेगळं लागतं का बघा," आणि तो म्हणतोय, "काही नाही लागत मॅडम, आधार आणा फक्त." तुमची अख्खी केस त्या काही सेकंदांत आहे.

एजंटने विचारूनही चुकीचं सांगितलं, त्यामुळे त्याच्याविरुद्ध बाजू बरी दिसते. कंपनीविरुद्ध मी तेवढ्या खात्रीने बोलणार नाही. संमतिपत्राची अट तिकिटाच्या तिसऱ्या पानावर आहे आणि ते पान तुम्हाला मेलवर आलं होतं. तरी तिला पक्षकार कराच. बिलात बंदर शुल्क आणि कर वेगळे दाखवले आहेत, न केलेल्या प्रवासाचे ते पैसे कशासाठी ठेवले हे तिला विचारता येईल. मानसिक त्रासाचे दहा लाख मात्र विसरा. मागायला कुणी अडवत नाही, पण अशा प्रकरणात त्रासापोटी मिळते ती रक्कम बेताची असते.

किती दिवस लागतील? कायदा म्हणतो, आयोगाची नोटीस समोरच्याला बजावल्यापासून तीन महिन्यांत निकाल. हे वाक्य वाचून परभणीपासून संभाजीनगरपर्यंत कुठलाही वकील हसेल. अध्यक्षाचं पद रिकामं, कधी सदस्य नाही, कधी कोरम नाही. या रिक्त जागांची सर्वोच्च न्यायालयाला २०२१ मध्ये स्वतःहून दखल घ्यावी लागली होती. निकालानंतर पंचेचाळीस दिवसांत समोरचा राज्य आयोगात अपील करू शकतो, तिथे आणखी काही वर्षं. रोख तडजोडीचा विचार करा म्हणालो तो याचसाठी. एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूने कडक आहे. गैरअर्जदाराला लेखी म्हणणं द्यायला तीस दिवस, फार तर पंधरा वाढवून. त्यापुढे एक दिवसही नाही, हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ठरवून टाकलंय. नोटीस कधी बजावली गेली ती तारीख लिहून ठेवा आणि सेहेचाळिसाव्या दिवशी, आता त्याचं म्हणणं घेऊ नये, असा अर्ज टाका.

अलेप्पीला स्वतःच्या पैशाने जायचं असेल तर खुशाल जा. तिथल्या हाउसबोटी संध्याकाळी काठाला लागतात, रात्री पाण्यात मासेमारांची जाळी असतात, त्यामुळे चालत्या बोटीतली रात्र अशी नसतेच. बोटीची नोंदणी, तपासणीचा दाखला आणि विमा मागून बघा, २०२१ च्या अंतर्देशीय जलवाहन कायद्याने हे तिन्ही लागतं. ७ मे २०२३ ला मलप्पुरम जिल्ह्यात तानूरला बोट उलटून बावीस जण गेले, त्यांत लहान मुलं बरीच होती. मासेमारीची बोट बदलून पर्यटकांसाठी केलेली आणि माणसं क्षमतेहून जास्त. मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट आहेत का, हे पैसे देण्याआधी विचारायचं. भाचा सोबत असेल तर नणंद आणि नंदावा दोघांच्या सहीचं संमतिपत्र, दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती, भाच्याचा जन्मदाखला. ज्यांच्या घरी मुलाच्या ताब्याचा खटला चालू आहे त्यांनी आधी कोर्टाचा आदेश काढून वाचावा, मूल हद्दीबाहेर नेण्यावर बंधन असू शकतं.

राहता राहिली नणंद. भाच्याच्या तिकिटाचे २२ हजार तिने तुम्हाला रोख दिले होते, असं तुम्ही लिहिलंय. मग तीही ग्राहक आहे. तिला दुसरी तक्रारदार म्हणून घ्या आणि तिचं शपथपत्र लावा, की मुलगा माझ्या संमतीनेच निघाला होता आणि त्या दिवशी माझा फोन बंद होता. सेलूहून परभणी तासाभराच्या अंतरावर आहे. तिला या आठवड्यातच बोलावून घ्या, भाऊबीजेची वाट बघू नका.