पाच लाखांत मिटवावं का? अपघाती मृत्यूच्या दाव्याबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : धाकटा भाऊ (वय ३४) दुचाकीवरून घरी येत होता. ट्रकने मागून धडक दिली, तो जागीच गेला. मागे वहिनी, दोन लहान मुलं आणि आमची आई. स्वतःचा छोटा हत्ती (मालवाहू टेम्पो) चालवायचा, खर्च वजा जाता महिन्याला १८ हजार सुटायचे. विमा कंपनीचा माणूस पाच लाखांत लगेच मिटवू म्हणतो. गावकरी म्हणतात, आधी पोलीस केसचा निकाल लागू दे. चार महिने झाले. काय करावं?
— एक वाचक, सिन्नर

उत्तर : दोन्ही सल्ले बाजूला ठेवा. पाच लाख ही मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ मधली रक्कम आहे. चूक कोणाची हे सिद्ध न करता ती मिळते, म्हणून गोड वाटते. पण ती एकदा स्वीकारली की कलम १६६ खालचा मोठा दावा संपतो. तेव्हा वहिनींनी कुठल्याही कागदावर सही करण्याआधी हा हिशोब बघावा.

वर्षाचं उत्पन्न २,१६,०००. वय चाळिशीच्या आत आणि धंदा स्वतःचा, म्हणून भावी वाढीचे ४० टक्के धरायचे : ३,०२,४००. अवलंबून चौघं, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा एक चतुर्थांश वजा : २,२६,८००. या वर्षाच्या रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचं; ३१ ते ३५ वयाला तो १६, म्हणजे ३६,२८,८००. त्यावर सहवास गमावल्याबद्दल चौघांना प्रत्येकी ४०,००० आणि अंत्यविधी व मालमत्तेच्या हानीचे प्रत्येकी १५,००० हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ठरवलेले मूळ आकडे. दर तीन वर्षांनी त्यांत १० टक्के वाढ धरतात. एकूण दावा ३८ लाखांच्या पुढे जातो.

आता हा आकडा कुठे गळतो ते पाहा. पहिली गळती वयात. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ३४ आणि आधारवर ३६ असेल तर गुणक १६ चा १५ होतो आणि थेट २,२६,८०० रुपये जातात. आधार हा जन्मतारखेचा पुरावा नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटलं आहे. म्हणून शाळेचा दाखला आत्ताच काढून ठेवा.

दुसरी गळती उत्पन्नात, आणि ती मोठी. कंपनीचा वकील म्हणणार : गाडी घरीच आहे, ड्रायव्हर ठेवा, नुकसान काय? शेतकऱ्याच्या बाबतीतही हेच होतं, जमीन शिल्लक आहे म्हणून फक्त देखरेखीचं नुकसान धरलं जातं. यावर उत्तर म्हणून भाऊ स्वतः गाडी चालवत होता हे दाखवायला हवं. ज्या व्यापाऱ्यांचा माल तो नेत असे त्यांच्या पावत्या, जमलं तर त्यांतल्या एकाची साक्ष, बँक पासबुक, कर्जाचे वेळेवर भरलेले हप्ते, पूर्वी भरलेली आयकर विवरणं. मृत्यूनंतर भरलेल्या विवरणावर न्यायालय शंका घेतं. काहीच नसेल तर किमान वेतनाच्या आसपास अंदाज बांधतात, आणि तो बहुधा कमीच पडतो.

तिसरी, दोषाची वाटणी. हेल्मेट नव्हतं, लायसन्स नव्हतं, दुचाकी रस्त्याच्या मधोमध होती, असं काहीबाही काढून टक्के कापायला बघतात. म्हणून घटनास्थळ पंचनाम्याची प्रमाणित प्रत घेऊन नकाशा नीट वाचा : दुचाकी कुठल्या कडेला, ब्रेकच्या खुणा कुठे, मार मागच्या चाकाला की बाजूला. सोबत एफआयआर, शवविच्छेदन अहवाल, आरटीओचा वाहन तपासणी अहवाल, ट्रकची आरसी, विमा पॉलिसी, चालकाचा परवाना आणि दोषारोपपत्र. ट्रकचा विमा चालू आहे का, ते गाडीच्या नंबरवरून एम-परिवहन अ‍ॅपवर दिसतं.

मुदतीचं. १ एप्रिल २०२२ पासूनच्या अपघातांना दावा सहा महिन्यांत दाखल करण्याची अट आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये, केवळ मुदतीमुळे दावे फेटाळू नका, असा अंतरिम आदेशही झाला. तरी त्याच्या भरवशावर थांबू नका. फौजदारी निकालाची वाट पाहायचंही कारण नाही. तिथे संशयापलीकडचा पुरावा लागतो, इथे शक्यता कुठे जास्त झुकते एवढंच बघतात. चालक निर्दोष सुटला तरी दावा टिकू शकतो. शिवाय व्याज दावा दाखल केल्या तारखेच्या आधीचं मिळत नाही. ट्रक परराज्यातला असला तरी तुम्ही राहता त्या भागातल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज चालतो. चालक, मालक आणि विमा कंपनी तिघांना प्रतिवादी करा.

वकील ‘मिळालेल्यातले इतके टक्के’ मागत असेल तर बार कौन्सिलच्या नियमांत ते बसत नाही. फी ठरवून लिहून घ्या. लोकअदालतीत तडजोड जरूर करा, पण हा हिशोब खिशात ठेवून. तिथल्या निवाड्यावर अपील नाही.

प्रश्न : वडिलांना पहाटे कोणती तरी गाडी उडवून गेली. पोलिसांनी ‘अ समरी’ पाठवली. आता काहीच मिळणार नाही का?
— एक वाचक, माजलगाव

उत्तर : मिळेल. अज्ञात वाहनाने मृत्यू झाल्यास कलम १६१ खाली २ लाख रुपये मिळतात. ‘अ समरी’चा अर्थ गुन्हा खरा, आरोपी सापडला नाही, म्हणजे तुमच्या अर्जाला ती पूरकच आहे. हा अर्ज न्यायाधिकरणात नव्हे, अपघात झाला त्या भागातल्या प्रांत किंवा तहसील कार्यालयात, दावा चौकशी अधिकाऱ्याकडे द्यायचा. मंजुरी जिल्हाधिकारी स्तरावर होते. पैसे बँक खात्यात येतात, तेव्हा वारसाचं नाव पासबुकावर आणि आधारवर एकच असू द्या. ‘सौ.’, माहेरचं नाव, आडनावातली वेलांटी एवढ्यावरून फायली परत येतात. पुढे वाहन सापडलं आणि पूर्ण भरपाई मिळाली, तर ही रक्कम परत करावी लागते.

प्रश्न : पत्नी गृहिणी होती. कंपनी म्हणते, उत्पन्नच नव्हतं तर भरपाई कसली?
— एक वाचक, मिरज

उत्तर : हा मुद्दा न्यायालयात टिकत नाही. गृहिणीच्या कामाचं काल्पनिक उत्पन्न धरलं जातं आणि त्यावर भावी वाढही देता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं. शिवणकाम, डबे, बचत गट असं काही करत असल्यास तेही मांडा. तिच्या आयुर्विम्याचे पैसे मिळाले असतील तर ते भरपाईतून वजा होत नाहीत.

प्रश्न : मुलाची दुचाकी घसरून तो गेला. दुसरं वाहन नव्हतं.
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : मग दावा करायचा कोणावर, हा प्रश्न येतो, आणि कलम १६६ इथे उपयोगाचं नाही. गाडी त्याच्या नावावर होती, परवाना वैध होता आणि पॉलिसीत मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा होता का, ते पाहा; असल्यास १५ लाख. बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापले जात असतील तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे २ लाख वेगळे. त्यासाठी आधी बँकेत लेखी कळवा.