गाडी आणि गॅरेज : जिप्सीला घरीच सुपरचार्जर बसवायचा म्हणतोय

प्रश्न : काका नमस्कार. माझ्याकडं जुनी जिप्सी किंग आहे, एमपीएफआयवाली (पेट्रोल इंजेक्शनची), १.३ चं इंजिन. गोव्याहून परत येताना मागं चार-पाच माणसं असली की चोर्ल्याच्या चढाला नुसती रडत येते. मामेभाऊ दुबईला असतो, त्याला तिथं मिनी कूपरचा जुना सुपरचार्जर स्वस्तात मिळायलाय. दोस्ताचा बेळगावच्या उद्यमबागेत लेथ आहे, ब्रॅकेट-पुली तो करून देतो म्हणतोय. घरच्या शेडमध्ये आम्हीच बसवावं म्हणतोय, होईल का? काय काय लागेल तेवढं सांगा की.
– एक वाचक, खानापूर

उत्तर : बसवायला बसतो हो, आणि लेथवाला दोस्त असला की अर्धं काम सोपं. पण ब्लोअर (म्हणजे हाच सुपरचार्जर, इंजिनात हवा दाबून भरणारा) बसवणं हा या कामाचा लहान भाग आहे. पेट्रोल किती पडणार आणि ठिणगी कधी पडणार हा मोठा भाग, आणि पिस्टन वाचतो का जातो ते तिथंच ठरतं. लोक सगळे पैसे ब्लोअरवर घालवतात आणि ट्युनिंगला खिसा रिकामा, मग हेड खोलून बसतात.

आधी एक गोष्ट बघा. गाडी मुळात ८० हॉर्सपॉवरची, तीही नवी असताना आणि समुद्रसपाटीला. आपण बेळगावकडचे साडेसातशे मीटरवर राहतो, हवा सात-आठ टक्के पातळ, म्हणजे तेवढी ताकद तशीच गेली, त्यात गाडी जुनी. म्हणून पहिल्यांदा चारी सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या. चौघांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक निघाला तर सुपरचार्जरचा विषय तिथंच बंद, आधी हाफ इंजिन (रिंगा-व्हॉल्व्हची दुरुस्ती) करा. बऱ्याच वेळा रिंगा, व्हॉल्व्ह आणि क्लच नीट केल्यावरच गाडी चढाला बरी चालायला लागते आणि दुबईचा खर्च वाचतो.

कॉम्प्रेशन चांगलं निघालं असं धरून पुढं बोलू.

जुन्या मिनी कूपर एसवर यायचा तो ईटन कंपनीचा एम४५, रूट्स जातीचा. पट्ट्यावर फिरतो, आत दोन रोटर, एका फेऱ्यात ४५ घन इंच म्हणजे साधारण ७३७ सीसी हवा ढकलतो. तुमचं इंजिन १२९८ सीसी, फोर स्ट्रोक, म्हणजे एका फेऱ्याला ६५० सीसीच्या आसपास हवा ओढणार. आता गणित तुम्हीच करा, क्रँकच्या एका फेऱ्याला ब्लोअर एकदाच फिरवला तरी इंजिनाच्या भुकेपेक्षा जास्त हवा येते. आपल्याला बूस्ट (बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब) पाहिजे जेमतेम ०.४ बार, जास्त नको, त्याला ब्लोअर क्रँकच्या १.१ पट फिरला तरी पुरतं. म्हणजे क्रँकची पुली १३० एमएमची धरली तर ब्लोअरची ११८ च्या आसपास. मिनीची मूळ पुली याच्यापेक्षा बरीच लहान असते, ती आहे तशीच लावली तर ब्लोअर जोरात फिरेल, बूस्ट भलताच चढेल आणि ९ ला १ कॉम्प्रेशन रेशोच्या इंजिनाचा त्याच दिवशी निकाल. तेव्हा पुली दोस्ताकडून नवीनच करून घ्या, आणि सुरुवातीला हिशोबापेक्षा थोडी मोठीच करा, नंतर लहान करता येते.

मिनीचा ब्लोअर घेताना आणखी एक. त्या गाडीत वॉटर पंप ब्लोअरच्या मागच्या टोकाला असतो आणि ब्लोअरच्याच गिअरवर फिरतो. तुम्हाला तो नकोय, म्हणून मागचा भाग नीट प्लेट लावून बंद करावा लागेल. ऑइलही दोन ठिकाणी असतं, पुढच्या गिअर केसमध्ये वेगळं आणि मागं वेगळं. मागचं ऑइल कुणी बघतच नाही, आटून जातं आणि गिअर खाल्ले जातात. भावाला सांगा, हातानं फिरवून बघ, अडकत नाही ना, खरखर नाही ना, आणि मागचं झाकण उघडून फोटो पाठव, मगच पैसे दे.

ब्रॅकेट दहा-बारा एमएम जाड प्लेटचा करा, पातळ पत्र्याचा नको, ओढ आली की वाकतो. सगळ्या पुल्या एका रेषेत पाहिजेत, सरळपट्टी लावून बघा, एक एमएमचा फरकसुद्धा पट्टा उडवायला पुरतो. रिबवाला पट्टा घ्या, टेन्शनर ढिल्या बाजूला. उद्यमबागेत क्रँकशाफ्टचं आणि हायड्रॉलिकचं काम करणारी पोरं आहेत, त्यांना ही अचूकता सांगावी लागत नाही.

आता खरं दुखणं. हवा दाबली की तापते. बाहेर ३० डिग्री असताना रूट्स ब्लोअरमधून ०.४ बारला निघणारी हवा ८०-८५ डिग्रीपर्यंत जाते. तापलेली हवा, वाढलेला दाब, त्यात साधं पेट्रोल, म्हणजे नॉकिंगला (पेट्रोल अवेळी भडकण्याला) आमंत्रणच. डब्यात शेंगदाणे खुळखुळवल्यासारखा आवाज येतो, पण सोळा व्हॉल्व्हच्या इंजिनात वरच्या आरपीएमला तो ऐकू यायच्या आधीच पिस्टनच्या रिंगेजवळची कड तुटलेली असते. म्हणून लहान का होईना इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा रेडिएटर) घाला, आणि बूस्टखाली टायमिंग मागं घ्या, म्हणजे ठिणगी जरा उशिरा पडू द्या, ढोबळ हिशोब बूस्टच्या दर पाउंडाला एक डिग्री, ०.४ बार म्हणजे सहा पाउंड, तर सहा डिग्री.

आणि टायमिंग मागं घेणार कसं? तुमचा मूळ ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) एमएपी सेन्सरवर (आत जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) चालतो आणि तो सेन्सर बाहेरच्या हवेच्या दाबापर्यंतच वाचतो. बूस्ट आला की त्याला वाटतं थ्रॉटल पूर्ण उघडा आहे, बस्स, त्याच हिशोबानं पेट्रोल सोडतो. हवा जास्त, पेट्रोल तेवढंच, मिक्शर लीन (पेट्रोल कमी), पिस्टनला भोक. तेव्हा वेगळा प्रोग्रॅम करता येणारा ईसीयू, जास्त दाब वाचणारा सेन्सर, तीसेक टक्के मोठे इंजेक्टर, त्यांना पुरणारा पंप आणि वाइडबँड ओ२ सेन्सर (धुरातल्या ऑक्सिजनवरून मिक्शर सांगणारा), एवढं लागतंच. बूस्टखाली लॅम्डा (पूर्ण जळायला लागते त्याच्या किती पट हवा आहे तो आकडा) ०.८ च्या आसपास ठेवा. हवा-पेट्रोलचे १२ ला १ वगैरे जुने आकडे धरून बसू नका, आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं (आपल्याच भागातल्या उसाचं असेल!), त्याचे आकडे बदलतात, लॅम्डा बदलत नाही. इथेनॉलमुळं नॉकिंग टाळायला थोडी मदतच होते, पण जुन्या गाडीचे रबरी पाइप तेवढे बदलून घ्या. प्लग एक नंबर थंड (उष्णता लवकर बाहेर सोडणारा) घाला, एनजीकेत आकडा वाढला की प्लग थंड, बॉशचं उलटं, दुकानात गडबड होते इथं.

ट्युनिंग घाटात करू नका. पुण्याला नाहीतर बेंगळुरूला डायनोवर (गाडी जागेवरच पळवून ताकद मोजायच्या यंत्रावर) करून घ्या.

दोन गोष्टी कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. एक, ब्रेक बूस्टरच्या पाइपात चेक व्हॉल्व्ह असतो, तो जुना होऊन गळत असला तर व्हॅक्यूमच्या जागी बूस्ट जाऊन पेडल दगडासारखं होतं, आणि हे कळणार कुठं तर उतारावर, म्हणून नवाच घाला. दुसरं, पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसमधला वायू परत इंजिनात सोडणारा), तो गळला तर बूस्ट क्रँककेसमध्ये शिरतो आणि ऑइल सील बाहेर येतात.

एवढं करून हातात काय? ब्लोअर फिरवायलाच इंजिनाची पाच-सहा हॉर्सपॉवर जाते, ती वजा करून ८० च्या जागी ९०-९५ धरा. पण रूट्सचा टॉर्क खालपासून येतो, चढाला तेच लागतं. मला विचाराल तर शेतात, ऑफरोडला पळवायची गाडी असेल तर करा, शिकायला लई मिळतं. घरच्यांना घेऊन गोव्याला जायची हीच एकुलती गाडी असेल तर नको.

प्रश्न : माझी गाडी एमएच-०९ पासिंगची, राहायला मी निपाणीत. इंजिनात असं काही बसवलं तर कर्नाटकात पकडतात, महाराष्ट्रात चालतं असं मित्र म्हणतोय. खरं का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : मित्राला चहा पाजा आणि गप्प बसवा. सीमेवरच्या कोगनोळी नाक्याच्या अल्याड आणि पल्याड मोटर वाहन कायदा एकच आहे, केंद्राचा. कलम ५२ प्रमाणं कंपनीनं दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनच्या विरुद्ध बदल करता येत नाही, सुप्रीम कोर्टानंही जानेवारी २०१९ मध्ये हेच धरलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर १८२ए मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागं ५००० रुपये दंड नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि विमा कंपनीला न सांगता केलेला बदल अपघातानंतर सर्व्हेअरला दिसला की क्लेम अडकलाच म्हणायचा. खानापूरच्या वाचकांनीही हे वाचावं. सार्वजनिक रस्त्यावर नको, ट्रॅकवर किंवा स्वतःच्या रानात काय करायचं ते करा.

प्रश्न : ऑनलाइन तीन हजारात इलेक्ट्रिक सुपरचार्जर मिळायलाय, एअर फिल्टरच्या पाइपात बसवायचा, बारा व्होल्टवर चालतो. वॅगनआरला घालू का?
– एक वाचिका, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : नको ताई. वरच्या जिप्सीएवढी हवा ०.४ बारला दाबायला चारेक किलोवॉट लागतात. बारा व्होल्टवर चार किलोवॉट म्हणजे तीनशे अँपिअरच्या वर, तुमचा अल्टरनेटर त्याच्या आसपाससुद्धा देत नाही. तीन हजारात येतो तो कॉम्प्युटरच्या पंख्याचा थोरला भाऊ, जोरात थ्रॉटल दिला की उलट हवेच्या वाटेत आडवा येतो. पाकळी तुटली तर सरळ इंजिनाकडं. मोठ्या कंपन्यांच्या काही गाड्यांत खरे इलेक्ट्रिक कॉम्प्रेसर येतात, पण ते ४८ व्होल्टवर चालतात आणि त्यांची किंमत विचारूच नका.

प्रश्न : माझ्या डिझेल जीपला टर्बो आहे, तरी ओढत नाही, काळा धूर मारते. वरून सुपरचार्जर पण घालावा का?
– एक वाचक, चिकोडी

उत्तर : अहो, आहे तो टर्बो आधी बघा की. काळा धूर म्हणजे डिझेल पडतंय आणि हवा कमी पडतेय. एअर फिल्टर काढून बघा, उसाच्या सीझनला आपल्याकडं कच्च्या रस्त्यांची धूळ कसली असते माहीतच आहे. मग टर्बो ते इंटरकूलर आणि तिथून इंजिनापर्यंतच्या रबरी पाइपांवर हात फिरवा, क्लिपजवळ ओलं, तेलकट लागलं तर तिथूनच दाब सुटतोय. सगळ्यात जास्त वेळा पाइप खालच्या बाजूनं फाटतो, वरून बघून कळत नाही, काढून वाकवूनच बघावा लागतो.