कवड्या दिसला की कवड्या दिसल्या?

प्रश्न असा आहे: उन्हाळा लागता लागता नदीकाठी पक्षी बघायला गेलो होतो. सोबतच्या जाणकारांनी एकाच सकाळी कवड्या धीवर (खंड्याच्या जातीतला), कवड्या धोबी आणि कवड्या गप्पीदास असे तीन पक्षी दाखवले. हे ‘कवड्या’ म्हणजे कवडीचं अनेकवचन का? आणि तिघांनाही तेच का चिकटलं?

अनेकवचन नाही. टकलाचा टकल्या, ढेरपोटाचा ढेरपोट्या, तसा कवडीचा कवड्या: अंगावर कवड्या असलेला. रूप सारखंच दिसतं, पण क्रियापद लगेच सोडवतं. ‘वाळूत कवड्या दिसल्या’ म्हटलं तर शिंपले आणि ‘वाळूत कवड्या दिसला’ म्हटलं तर पक्षी, नाहीतर साप. हो, साप आधी आठवावा, कारण या शब्दाचा खरा अर्थ तिथे स्वच्छ दिसतो. कवड्या सापाच्या तपकिरी अंगावर फिकट पांढुरके आडवे पट्टे असतात. (बिनविषारी असून मण्यार समजून मारला जातो बिचारा.) मानेवर काळ्या पट्टीत पांढरे ठिपके मिरवणाऱ्या होल्यालाही ‘कवडा’ म्हणतात. म्हणजे गडद अंगावर उठून दिसणारी पांढरी खूण, ही मूळ कल्पना. कवडी पांढरी आणि चकचकीत, म्हणून उपमा तिची.

कवडी आली संस्कृत ‘कपर्द’वरून. कपर्द म्हणजे कवडी आणि तिच्यासारखी वळवून बांधलेली जटाही; शंकराला ‘कपर्दी’ म्हणतात ते त्यामुळे. कवडीचं चलन गेलं आणि ‘कवडीमोल’, ‘फुटकी कवडी’ एवढं मागे उरलं. तिचा रंग मात्र पाखरांच्या नावांत टिकला.

आता तुमचे तीन पक्षी. धीवराला हे नाव शोभतं. पाण्यावर एकाच जागी पंख फडफडवत, चोच खाली रोखून तो अधांतरी थांबतो तेव्हा नीट बघा: पाठ, पंख, शेपूट, सगळीकडे काळ्यावर पांढरे शिंतोडे. छातीवर दोन काळे पट्टे असतील तर नर. एकच, तोही मधे तुटलेला, असेल तर मादी. धोब्यापाशी अर्थ ताणला जातो. त्याची पाठ काळी, पोट पांढरं, भुवई पांढरी. ठिपका औषधालाही नाही. गप्पीदासाच्या बाबतीत तर निम्मं नाव खोटं. नर काळाभोर, पंखावर पांढरा डाग. मादी चक्क मातकट. तिला कवड्या म्हणणं म्हणजे नवऱ्याचं आडनाव लावण्यातला प्रकार.

माझ्या मते इथे ‘कवड्या’ हा इंग्रजी ‘पाइड’चा (म्हणजे काळ्या-पांढऱ्याचा) प्रतिशब्द म्हणून सरसकट वापरला गेला, आणि ‘ठिपकेदार’चा अर्थ ‘काळा-पांढरा’ असा सरकला. मला तो वाईट वाटत नाही. ‘कृष्णधवल धीवर’पेक्षा शंभरपट बरा.

पण मग दयाळ कवड्या का नाही? शेकाट्या का नाही? तेही काळे-पांढरेच. कारण त्यांना ओळखायला विशेषणाची गरजच पडत नाही. धीवर अनेक, धोबीही अनेक, तिथे ‘कोणता?’ हा प्रश्न उठतो, म्हणून कवड्या. धोब्यांचं तर उन्हाळ्यात आणखी सोपं. पांढरे, पिवळे, करडे धोबी हिवाळी पाहुणे, ऊन चढू लागलं की उत्तरेला निघतात. कवड्या धोबी बारा महिने इथलाच. तेव्हा ऐन मे महिन्यात खडकावर शेपटी आपटत बसलेला दिसला, तर नुसतं ‘धोबी’ म्हटलंत तरी चालेल.

आणि लिहिताना ‘कवडी धोबीण’ वगैरे करू नका. ‘कवड्या धोब्याची मादी’ म्हणा.