केळकर संग्रहालयात ४० मुलांना न्यायचं तर काय तयारी करावी?

तुमचा प्रश्न: आठवीचा वर्ग आणि शाळेचं स्काऊट पथक मिळून ४० मुलं, सोबत काही आजी-आजोबा. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाची भेट नुसती रांगेत फिरून संपू नये, यासाठी काय करायचं?

आधी सगळं दाखवायचा हट्ट सोडा. संग्रहात २०,०००हून अधिक वस्तू आहेत, त्यातल्या अडीचेक हजार मांडलेल्या. दीड तासात सगळं उरकलं तर मुलांच्या लक्षात फक्त जिने राहतील. दिवे आणि अडकित्ते, एवढंच घ्या. मस्तानी महाल जाता जाता बघा. तो कोथरूडहून आणून इथे पुन्हा उभारला आहे, हे सांगितलं की मुलं आपोआप थबकतात.

आठ-आठ जणांचे पाच गट करा. स्काऊटचे संघ तयारच असतात, तेच ठेवा आणि सूत्रं संघनायकाकडे द्या. प्रत्येक गटाची सुरुवात वेगळ्या ठिकाणी हवी. नाहीतर पहिल्याच कपाटापाशी ४० जणांची झुंबड उडते आणि पुढच्या सहांनाच काय ते दिसतं.

प्रश्नपत्रिकेत हमखास चूक होते. ‘ही वस्तू कोणत्या शतकातली?’ असं विचारलं की मुलं पाटी उतरवून घेतात, वस्तूकडे मान वर करून बघतही नाहीत. पाटी वाचून सुटणार नाही असं विचारा. अडकित्त्याचा खिळा कुठे आहे? सुपारी खिळ्याजवळ ठेवली तर जोर कमी लागेल की जास्त? (कमी. ही दुसऱ्या प्रकारची तरफ, म्हणजे भार हा टेकू आणि जोर यांच्या मध्ये.) दांडा कुठे झिजलाय? दिवा टांगायचा की ठेवायचा, तेल कुठे भरायचं, वाती किती? असे पाचच प्रश्न आणि एका वस्तूचं दहा मिनिटं चित्र. पेन नको, पेन्सिलच. प्रत्येकाकडे परीक्षेचं पॅड हवंच, नाहीतर मुलं कागद काचेवर टेकवून लिहितात आणि मग रखवालदार ओरडतो, त्यात त्याची काय चूक!

स्काऊटना किम्स गेम येतोच. एक कपाट, एक मिनिट निरखायचं, पाठ फिरवून यादी करायची. नाव माहीत नसेल तिथे चित्र काढायचं.

ही चित्रं आजी-आजोबांना नावं विचारण्यासाठी ठेवा. त्यांना मुलांच्या गटात घालू नका; ते प्रेमाने सगळी उत्तरं सांगून टाकतात. त्यांचा गट वेगळा फिरवा आणि पुढच्या आठवड्यात शाळेत बोलवा. मुलांनी घरची एकेक जुनी वस्तू आणायची (सोनं-चांदी आणि शस्त्रं वगळून) आणि माहितीची चिठ्ठी लिहायची: नाव, सेंटिमीटरमध्ये माप, कशाची केली, कोण वापरायचं. चिठ्ठी चिकटवू नका, सुती दोऱ्याने बांधा.

बस बाजीराव रस्त्यावरच सोडा, आत गल्ली अरुंद आहे. दप्तरं बसमध्येच ठेवा. शाळेच्या गटाचे दर आणि फोटोची परवानगी आधी फोन करून विचारा.

आणि पालकांना बजावा, पितळेची वस्तू चिंचेने लखलखीत घासून पाठवू नका. काजळी गेली की दिवा कसा जळत होता हे कळायची खूणच जाते.