गुरुवार म्हणजे गुरुवारच

कोल्हापूर

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तालमीच्या मुलांना हाताशी धरून पेठेतल्या एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांसाठी काम उभे करायचे तू मनावर घेतले आहेस, हे वाचून बरे वाटले. सोबत पाठवलेल्या यादीत मात्र चौदा कामे आहेत. त्यांतली बहुतेक तूर्त बाजूला ठेव. सहली आणि सत्कार पुढे केव्हाही होतील. आधी दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी एकाच घरी जाणारा मुलगा हवा आणि तो किमान वर्षभर टिकायला हवा.

ही गोष्ट मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. शिवाजी पेठेतल्या एका आजींकडे मी दर गुरुवारी औषधे घेऊन जात असे. एका गुरुवारी घरी पाहुणे आले म्हणून गेलो नाही आणि कळवलेही नाही. शुक्रवारी गेलो, तर उंबऱ्यालगत माझ्यासाठी मांडलेले स्टूल तसेच होते आणि ओट्यावर झाकून ठेवलेल्या बशीतले पोहे वाळून कडक झाले होते. आजी रागावल्या नाहीत, पण रक्तदाबाची गोळी त्यांनी आदल्या दिवशी घेतलेली नव्हती, कारण संपलेली गोळी गुरुवारी येणारच होती.

औषधांचे काम दिसते तेवढे सोपे नाही. म्हातारी माणसे गोळी रंगावरून ओळखतात. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची पट्टी दिली की रंग बदलतो आणि जुनी व नवी मिळून एकच औषध दोनदा पोटात जाते. म्हणून पट्टीवरचे घटकाचे नाव वहीत उतरवून घे आणि शंका आली तर ती वही डॉक्टरांपुढे ठेव. मात्र गोळी कमी-जास्त करण्याचा सल्ला मुलांपैकी कोणीही देऊ नये.

कागदपत्रांत तुमच्या पिढीचा खरा उपयोग आहे. नोव्हेंबरात निवृत्तिवेतनधारकांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. उभा जन्म शेतात किंवा भांड्यांत गेलेल्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात आणि यंत्र ठसा घेत नाही. माझ्या ओळखीच्या एका मामांना त्यासाठी तीन हेलपाटे पडले होते. आता चेहरा ओळखून हा दाखला मोबाईलवरून घरबसल्या काढता येतो. सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्नाची अट न ठेवता वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण देणारे आयुष्मान वय वंदना कार्डही आधारवरून निघते. पण एटीएमचा पिन आणि पासबुक मुलांनी हातात घ्यायचे नाही, आणि ओटीपी लागलाच तर तो कशासाठी आहे हे त्यांना सांगून त्यांच्याच हाताने भरायला लावायचा. या नियमाला अपवाद नको, अगदी त्यांनी गळ घातली तरीही.

पुराची तयारी मात्र तुझ्या यादीत अजिबात नाही, याचे मला नवल वाटले. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. पाणी तिथे पोहोचल्यावर माहिती गोळा करत बसायला वेळ उरत नाही. जिना उतरता न येणारे कोण, इन्सुलिन कोणाला लागते, कोणत्या नातेवाइकाला फोन करायचा, हे जूनच्या आत लिहून ठेव. २०१९ साली कित्येक वृद्ध घर सोडायला तयार नव्हते, कारण २००५ च्या पुरात पाणी त्यांच्या पायरीखालीच थांबले होते. त्यांच्याशी वाद घालून उपयोग होत नाही. देव्हाऱ्यातले देव आणि तिजोरीतले कागद एका पिशवीत त्यांच्यासमोर भरले की पाय निघतो.

कधी एखाद्या घरात मुलगा-सून उपाशी ठेवतात, असेही कानावर येईल. तिथे भांडू नकोस, कारण तू गेल्यावर त्याच घरात त्यांना राहायचे असते. त्यांची इच्छा एकांतात विचार. १४५६७ ही ज्येष्ठांची मदतवाहिनी आहे आणि २००७ च्या कायद्यानुसार निर्वाहाचा अर्ज प्रांताधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरणाकडे करता येतो, हे त्यांना सांग.

पहिली तीन घरे ठरली की फोन कर. गुरुवारी संध्याकाळी मात्र करू नकोस, त्या वेळी मी घरी नसतो.

तुझा
काका