एच-फोरवर येऊन कोडिंगचं काम मिळेल का?

तू विचारलंस, बीएएमएस झालंय, पुण्यात अमेरिकन हॉस्पिटलांच्या चार्टचं कोडिंग करतेस, म्हणजे आजार-उपचारांना ठरलेले कोड लावतेस, नवऱ्याबरोबर एच-फोरवर, म्हणजे त्याच्या वर्क व्हिसावर जोडीदाराला मिळतो त्या व्हिसावर, न्यू जर्सीला यायचंय, लेक पहिलीत आहे. तिकडे हेच काम मिळेल का? व्हिसाचे नियम सरकारी साइटवर आहेत, ते मी सांगत बसत नाही. नवऱ्याचं आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी त्याच्या कंपनीने केलेला अर्ज, मंजूर होईपर्यंत बहुतेक घरीच बसायचंय, एवढं धरून चाल.

काम अगदी तेच आहे. डाव्या हाताला गळू, चीर देऊन पू काढला, की तिथेही गळवाचा कोड एल०२.४१४ आणि इथेही. दंड असो की कोपराखालचा भाग, कोड एकच; काखेत गेलं की एल०२.४१२, पंजावर उतरलं की एल०२.५१२. डॉक्टरने 'अ‍ॅब्सेस'ऐवजी 'बॉइल' लिहिलं तर एल०२.४२४. आणि इथले डॉक्टरही डावी-उजवी बाजू लिहायला विसरतातच. 'आर्म अ‍ॅब्सेस, आय अँड डी (चीर देऊन पू काढणं) डन', संपलं. मग नर्सच्या नोटमध्ये हुडकायचं, हल्ली तिथली बाजू चालते. तिथेही नसेल तर डॉक्टरला क्वेरी, तीही उत्तर आपणच सुचवतोय असं वाटणार नाही अशा बेताने. कंटाळून बाजू नसलेला एल०२.४१९ टाकलंस तर इन्शुरन्सवाले प्रश्न काढणार. पुवाच्या कल्चर तपासणीत एमआरएसए हा औषधांना न जुमानणारा जंतू डोळ्यांना दिसतोय, पण डॉक्टरने स्वतः लिहिल्याशिवाय त्याचा बी९५.६२ लावायचा नाही. हे सगळं तुला पाठ असेल.

तरी मुलाखतीत पहिला प्रश्न, "यूएस एक्स्पीरियन्स आहे का?" अगं, पेशंट टेक्ससचा, डॉक्टर टेक्ससचा, इन्शुरन्स तिथलाच, फक्त चार्ट उघडून बसलेली मी हडपसरला, नाइट शिफ्टमध्ये. तो म्हणे इंडियाचा अनुभव! अजून आठवलं की डोकं फिरतं. त्यामुळे निघण्याआधी कंपनीच्या लेटरहेडवर अनुभवाचं पत्र घे, त्यात कोणत्या प्रकारचे चार्ट केलेस ते स्पष्ट लिहून घे. सीपीसी या कोडरच्या सर्टिफिकेटपुढचा 'ए', म्हणजे अप्रेंटिसचा शिक्का, काढायलाही ते लागतं. माझ्या जुन्या कंपनीने पत्र द्यायला इतकी टोलवाटोलवी केली की शेवटी बाबांना तिथे जाऊन बसावं लागलं. मॅनेजर बदललेला, एचआर म्हणे सिस्टिममध्ये नावच दिसत नाही. पंचाहत्तरीचे बाबा रिसेप्शनवर डबा घेऊन. घरी बसायच्या काळात सर्टिफिकेट मरू देऊ नकोस, दोन वर्षांत ३६ सीईयू, म्हणजे पुढच्या शिक्षणाचे गुण, लागतात, आणि दर १ ऑक्टोबरला आजारांचे कोड बदलतात ते वाचत राहा.

एकटेपणाचं विचारलंस. असतो. महाराष्ट्र मंडळ आहे, गणपती आहे, न्यू जर्सीतल्याच एडिसनला चितळ्यांची बाकरवडीही मिळते. कोडिंग घरूनच असतं, त्यामुळे माणसं दिसत नाहीत. आमच्या कोडिंगचं ऑडिट पुण्याहून होतं. तिथल्या एका मुलीशी मी गळू कापण्याचा कोड साधा १००६० की गुंतागुंतीचा १००६१ यावरून मराठीत कडाकडा भांडते. कधीकधी मुद्दाम ताणते.

मला खरं सांगायचंय ते शाळेचं. प्रवेशाच्या वेळी घरी कोणती भाषा बोलता असा फॉर्म येतो. आम्ही लिहिलं मराठी. मुलगा पुण्यात इंग्रजी माध्यमात होता, घडाघडा वाचायचा. पण परीक्षा घ्यायला अनोळखी बाई समोर बसली आणि हा गप्प. झालं, त्याला इंग्रजी शिकणाऱ्यांच्या गटात टाकलं. वर्गात गोष्ट सुरू झाली की याला उठवून दुसऱ्या खोलीत न्यायचे. भेटायला गेलं की हसून म्हणायचे, "ही इज डूइंग ग्रेट!" मग बाहेर कशाला नेता? पालकांना त्या गटाला नाही म्हणायचा हक्क असतो, हे त्यांनी चकार शब्दाने सांगितलं नाही. त्यानंतर शाळेच्या आवारात मी त्याच्याशी मराठी बोलायचं थांबवलं. कुणी सांगितलं नव्हतं, आपोआप झालं. आता तो हायस्कूलला आहे, त्याला त्यातलं काही आठवत नाही. मी मराठीत विचारते, तो इंग्रजीत उत्तर देतो.

तू फॉर्मवर मराठीच लिही. पण परीक्षेच्या दिवशी लेक बुजली तर पुन्हा घ्या म्हणून लेखी माग, आणि गटात घातल्याचं पत्र आलं की सही करण्याआधी मला मेसेज कर. नकाराचा मजकूर माझ्याकडे तयार आहे.