सरकारी वकिलाने पिस्तूल बाळगावं का?

प्रश्न: ताई, माझी बायको शिवाजीनगर कोर्टात सरकारी वकील आहे. मोक्काच्या केसेस असतात, आरोपींची माणसं गेटबाहेर उभी राहून नुसती बघत बसतात. तिने पिस्तुलाचं लायसन काढावं का? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर: तुमची काळजी अगदी खरी आहे, आणि लायसन मागता येतं. १९५९ चा शस्त्र कायदा आहे, वय २१ पूर्ण लागतं, पुण्यात अर्ज पोलीस आयुक्तांकडे करायचा, मग चौकशी होते आणि शस्त्र हाताळायचं ट्रेनिंगही घ्यावं लागतं.

पण माझं मत विचाराल तर नुसत्या पिस्तुलावर भरवसा नको. अमेरिकेत टेक्सासच्या कॉफमन काउंटीत जानेवारी २०१३ मध्ये एका सरकारी वकिलाला कोर्टाजवळच गोळ्या घातल्या, त्यांचे वरिष्ठ माइक मॅक्लेलंड माजी सैनिक, कायम पिस्तूल जवळ ठेवून फिरायचे, तरी दोनच महिन्यांत त्यांना आणि त्यांच्या बायकोला राहत्या घरात मारलं. मारणारा तयारीनेच येतो हो, आपल्याला पर्समधून काढायलाही वेळ मिळत नाही. आणि घरात लहान मुलं असतील तर ते ठेवणार कुठे, हाही विचार करा.

त्यापेक्षा आधी लेखी तक्रार द्या, तोंडी सांगून काही होत नाही. तारीख, वेळ, गाडीचा नंबर सगळं लिहा, मेसेज आले असतील तर जपून ठेवा, धमकी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ खाली गुन्हाच आहे. त्याच अर्जात पोलीस संरक्षण मागा आणि वहिनींच्या वरिष्ठांनाही प्रत द्या. सरकारची बाजू मांडणाऱ्या बाईला सांभाळणं सरकारचंच काम आहे, ते तिच्या एकटीच्या गळ्यात घालू नये.